मुखवटा खुंटीला टांगल्यावर

वाचकांचे प्रश्न

मुखवटाधारी नायकाच्या कथा, चित्रकथा आणि एकांकिका लिहिणाऱ्यांकडून गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. मारामारी कशी लिहायची हे विचारणारी पत्रं अगदी थोडी आली. बहुतेकांचा प्रश्न नायक घरी परतल्यानंतरचा आहे आणि अशा कथेचा खरा ऐवज तिथेच असतो. मुंबईत तर जागा आणि वेळ या दोन्ही गोष्टी इतक्या तोकड्या की दुहेरी आयुष्य जगणारा माणूस आधी त्यांच्याशी झगडतो, गुंडांशी नंतर. निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न (परळहून): माझा नायक चाळीत राहतो. एकच खोली, आई, धाकटी बहीण आणि तो. रोज रात्री कुणाला न कळता तो बाहेर कसा पडेल? सध्या मी त्याला खिडकीतून उडी मारताना दाखवलं आहे.

उत्तर: खिडकी काढून टाका. बीडीडी चाळीचंच उदाहरण घ्या. तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, एक खोली साधारण १६० चौरस फुटांची, मधून लांब पॅसेज आणि मजल्यावर सामायिक संडास. अशा खोलीत तिघं झोपली की खिडकीपर्यंत जायला आईच्या उशाशी पाय ठेवावा लागतो. पण चाळीनेच यावर तोड काढून ठेवली आहे. घरातला मोठा मुलगा पॅसेजमध्ये किंवा गॅलरीत चटई टाकून झोपतो, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. रात्री दोन वाजता कुणी टमरेल घेऊन निघालं तर त्याला कोणी हटकत नाही. तेव्हा नायकाला गॅलरीत झोपवा, जाणं सोपं होईल.

अवघड आहे ते परत येणं. ज्या चाळीत पहाटे पाणी येतं तिथे बायका पाण्याच्या आधी उठतात. पाणी साडेचारला येत असेल तर सव्वाचारला दारं उघडायला लागतात, बादल्या वाजायला लागतात. नायकाला सूर्योदयाची मुदत नको, पाण्याची द्या. तुमच्या चाळीत पाणी किती वाजता येतं ते पहिल्याच पानावर ठरवा आणि पुढे ते बदलू नका. लाकडी जिना असेल तर कुठल्या पायऱ्या वाजतात हे त्याला लहानपणापासून ठाऊक असणार. पायरीच्या मध्यावर पाय पडला की फळी करकरते. म्हणून तो भिंतीच्या कडेने चढेल, कारण तिथे फळीला आधार असतो.

पोशाख ठेवायचा कुठे, हे तुमच्या पत्रात नाही. कपाट आईचं, माळ्यावर बहिणीची जुनी पुस्तकं आणि दिवाळीचे डबे. गणेशोत्सव मंडळाची लोखंडी पेटी ही सर्वांत चांगली जागा. लेझीम, पडदे, झालरी, जुने सदरे यांत एक काळा कपडा कोणाला दिसणार? पण श्रावणात मंडळाची मुलं ती पेटी उघडतात. दहा महिने सुरक्षित असलेली जागा दोन महिने धोक्याची होते. यातून एक अख्खा भाग निघेल.

शिवाय तो कपडा धुणार कोण आणि वाळत घालणार कुठे? जुलैत जाड सुती कपडा दोन दिवसांतही वाळत नाही, कुबट वास धरतो. पॉलिएस्टर-लायक्राचा कपडा पंख्याखाली रात्रभरात वाळतो, पण अंगावर घाम धरून ठेवतो आणि काखेत, मांड्यांत खरचटून लाल चट्टे उठतात. रक्ताचा डाग गरम पाण्यात पक्का बसतो. आधी गार पाण्यात भिजवावा लागतो, मग साबण. हे मुलाला माहीत नसतं, आईला असतं. बादलीत गार पाण्यात भिजत पडलेला शर्ट दाखवा, शेजारी आई पोळ्या लाटते आहे आणि काहीच विचारत नाही. त्या एका चित्राने तुमचे चार संवाद वाचतील.

चाळीत निदान एका माणसाला हे ठाऊक असणारच. रात्रपाळी करून येणारा शेजारी, झोप न लागणारी आजी, दुधाच्या पिशव्या टाकणारा पोरगा. कोणाला माहीत आहे आणि तो का गप्प आहे, हे ठरवून ठेवा. ‘कुणालाच काही कळत नाही’ असं लिहिलंत तर चाळीत राहिलेला वाचक पुस्तक मिटून ठेवेल.

प्रश्न (डोंबिवलीहून): नायक फोर्टमध्ये साडेनऊ ते साडेसहा नोकरी करतो, राहतो डोंबिवलीला, आणि रात्री दादर-परळ भागात गुन्हेगारांच्या मागावर असतो. त्याची ओढाताण दाखवायची आहे, पण ती नुसती शब्दांत राहते.

उत्तर: कारण तुम्ही अजून हिशेब मांडलेला नाही. वहीचं एक पान घ्या आणि दिवसाचे २४ तास लिहून काढा. घरापासून टेबलापर्यंत जाताना पावणेदोन तास, येताना पावणेदोन. सकाळी पावणेआठला बाहेर पडलेला माणूस रात्री सव्वाआठला घरी. साडेबारा तास तिथेच संपले, उरले साडेअकरा. सात तास झोप, दोन तास आंघोळ, जेवण, बाजारहाट, आईची औषधं. हातात अडीच तास. आता त्याला पुन्हा दादरला पाठवा. घरातून निघून तिथे पोचेपर्यंत एक तास, परतायला एक. राहिला अर्धा तास. त्याला चार तास गस्त घालायची असेल तर झोप सातवरून साडेतीन तासांवर येते. तीही लोकल मिळाली तर. रात्री साधारण एक ते पहाटे चार या वेळात लोकल नसतात. शेवटची गाडी चुकली की तो दादरला अडकला. घरी पोचायला पाच-सव्वापाच, आणि पावणेआठला पुन्हा बाहेर.

हा हिशेब मांडला की ओढाताण आपोआप दिसायला लागते. अशा चार रात्री झाल्या की माणूस उभ्या-उभ्या डुलक्या घेतो, उतरायचं स्टेशन मागे टाकतो, बेरजेत शून्य विसरतो, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो पण ऐकत नाही. चिडका होतो, आणि ती चिड निघते घरच्यांवर. पाचव्या रात्री त्याचा ठोसा चुकतो. आधीच्या चार रात्री पानावर नसतील तर त्या चुकीला अर्थ राहत नाही.

यातून वाट काढायचे दोन मार्ग आहेत. एक, त्याची हद्द लहान करा. डोंबिवली-कल्याणपुरता नायकही नायकच असतो, आणि ओळखीच्या गल्लीत त्याला पकडलं जाण्याची भीती जास्त. दुसरा मार्ग आम्हाला अधिक आवडतो. त्याला असं काम द्या की रात्री रस्त्यावर असण्याला सरळ कारण मिळेल. पहाटे वर्तमानपत्रांचे गठ्ठे लावणारा, दादरच्या फुलबाजारात माल उतरवणारा, ससून डॉकवर पहाटेच्या लिलावाला जाणारा, रुग्णवाहिकेचा चालक. हद्द रुंदावते आणि झोप दिवसा घेता येते. पण दिवसा झोपणाऱ्या माणसाच्या घरी लग्न, बारसं, शाळेतली पालकसभा या सगळ्या गोष्टी त्याच्या झोपेच्या वेळात येतात. म्हणजे ओढाताण जात नाही, घरात येऊन बसते.

सबबींची नोंद ठेवायला वहीत वेगळं पान करा. कोणाला, कोणत्या तारखेला काय सांगितलं ते त्यावर लिहा. रविवारचा मेगाब्लॉक ही मुंबईतली सर्वांत पटणारी सबब. पण ब्लॉक मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर होता की हार्बरवर, हे सांगणाऱ्याने पाहिलेलं नसतं आणि ऐकणारीने पाहिलेलं असतं. ‘ब्लॉकमुळे ठाण्याला अडकलो’ म्हणणाऱ्या नायकाला तिने एवढंच म्हणावं, ‘आज ब्लॉक हार्बरला होता.’ पुढे भांडण लिहायची गरज नाही.

प्रश्न (नालासोपाऱ्याहून): लोकलच्या टपावरचा पाठलाग, लालबागमध्ये रिक्षातून पळ आणि गच्चीवरून गच्चीवर उड्या, असे तीन प्रसंग काढले आहेत. कसे वाटतात?

उत्तर: तिन्ही बदला. मुंबईच्या उपनगरी मार्गावर ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो. तारेला हात लागायचीही गरज नसते, नुसत्या जवळ जाण्यानेही ठिणगी उडून माणूस भाजून मरतो. मुलं वाचणार असतील तर हे चित्र काढूच नका. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला चालत नाहीत, त्यामुळे लालबागमध्ये टॅक्सी हवी. जुन्या चाळींची छपरं बऱ्याच ठिकाणी कौलारू असतात. कौल भार आडव्या रिपांवर घेतं, दोन रिपांच्या मध्ये पाय पडला की फुटतं आणि माणूस खालच्याच्या माळ्यात. सिमेंटच्या गच्चीवर पावसाळ्यात शेवाळ धरतं. कठडा असला की धावत येऊन उडी मारता येत नाही, जागेवरून मारावी लागते आणि तशी उडी दोन-अडीच मीटरच्या पुढे जात नाही. पाठलागाला रेल्वेचे पादचारी पूल, स्कायवॉक, मंडईच्या मागची गल्ली हे सगळं आहे. गर्दीच्या पुलावर उलट दिशेने जाणारा माणूस काढून बघा, टपापेक्षा जास्त थरार मिळेल.

प्रश्न (ठाण्याहून): माझा नायक चोराला खांबाला बांधून निघून जातो, सकाळी पोलीस येऊन घेऊन जातात. कायद्याने हे चालेल का? नायकावर गुन्हा दाखल होईल का?

उत्तर: हा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण नायकाचं कर्तव्य आणि त्याचं खाजगी आयुष्य यांची खरी टक्कर इथेच होते.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम १२२ आधी वाचा. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात, गुन्हा करण्याच्या इराद्याने चेहरा झाकून किंवा वेषांतर करून सापडलेली व्यक्ती या कलमाखाली येते. त्याच वेळात दुसऱ्याच्या घरात किंवा इमारतीत सापडून समाधानकारक कारण देता आलं नाही, तर तेही याच कलमात बसतं. म्हणजे तुमचा नायक मुखवटा चढवून रात्री दुसऱ्याच्या जिन्यात उभा असेल तर गस्तीवरच्या पोलिसाने, म्हणजे बीट मार्शलने, त्याला हटकणं साहजिक आहे, आणि ‘मी चांगल्या कामाला आलो’ हे त्याला मुखवटा न काढता पटवून द्यायचं आहे.

चोर पकडण्याचा अधिकार सामान्य माणसालाही आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ४० प्रमाणे, आपल्या समोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणीही अटक करू शकतो. पण विनाकारण उशीर न करता, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं किंवा जवळच्या ठाण्यात न्यावं लागतं. सहा तासांची ही अट जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नव्हती. तुमची कथा २०२४ च्या आधी घडत असेल तर ती घालू नका. खांबाला बांधून निघून जाणं म्हणजे ताब्यात देणं नव्हे. ‘समोर’ हा शब्दही नीट पाळा. भारतीय न्याय संहितेत सोनसाखळी किंवा मोबाइल हिसकावणं हा कलम ३०४ चा वेगळा गुन्हा आहे. तो नायकाच्या डोळ्यांदेखत घडला तर अटक बसते. तीन दिवसांपूर्वीच्या चोरीचा कोणावर नुसता संशय असेल तर बसत नाही.

मारहाणीचं म्हणाल तर स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी बळ वापरता येतं, पण बचावाला लागेल तेवढंच. चाकू हातातून पाडला तिथवर बचाव. माणूस खाली पडल्यावर घातलेली लाथ ही मारहाण. चित्रात हे अंतर दोन चौकटींचं असतं. तुमचा नायक ते अंतर ओलांडतो का, हे तुम्ही जाणूनबुजून ठरवा.

आणि आता मुख्य गोष्ट. पकडलेल्या माणसाविरुद्ध साक्ष कोण देणार? प्रत्यक्ष पाहणारा एकच, आणि त्याला नाव नाही, पत्ता नाही. पंचनाम्यावर त्याची सही नाही. ज्या बाईची साखळी गेली तिने पाठमोरा माणूस पाहिला. आरोपी सुटून त्याच गल्लीत परत येतो आणि त्या बाईच्या दुकानासमोर उभा राहतो. आता नायकाला मुखवटा राखायचा की कोर्टात नाव सांगून उभं राहायचं? नाव सांगितलं तर नोकरी जाईल, आईचा पत्ता त्या टोळीला कळेल. तुमच्या कथेचा मधला भाग रिकामा वाटतो असं पत्रात लिहिलं आहे, तो इथून भरा.

प्रश्न (माटुंग्याच्या एका महाविद्यालयातला नाट्यगट): एकांकिकेसाठी मुखवटा बनवायचा आहे. पहिला पुठ्ठ्याचा केला, तो तालमीत घामाने मऊ पडला. दुसरा पूर्ण चेहऱ्याचा, त्यात आवाज घुमतो. बजेट कमी आहे.

उत्तर: अर्धा मुखवटा करा, कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत. तोंड आणि हनुवटी मोकळी राहिली की आवाजही सुटतो आणि नटाला भाव दाखवायला निम्मा चेहरा मिळतो.

५ मिलिमीटर जाडीची ईव्हीए फोम शीट, म्हणजे रबरासारखा लवचीक फोमचा तक्ता, घ्या. क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटला हस्तकलेच्या सामानात मिळते. ए-३ आकाराच्या एका शीटमध्ये दोन मुखवटे बसतात. एक वापरायला, एक जादा. जादा हवाच. आधी नटाच्या चेहऱ्यावर पातळ प्लास्टिक लावून वरून कागदी चिकटपट्टीचे तुकडे चिकटवा, नाक आणि तोंड मोकळं ठेवून. पेनाने भुवया, डोळे, नाकाचा कणा आखून घ्या आणि तो साचा मधोमध कापून सपाट करा. एका बाजूचाच कागद वापरून दुसरी बाजू उलटवून काढा, म्हणजे दोन्ही सारख्या होतात. फोम कापताना ब्लेड नवं हवं. बोथट ब्लेडने कडा खाल्ल्यासारखी फाटते.

जोडायला रबरी चिकटद्रव लागतो, पांढरा फेव्हिकॉल इथे धरत नाही. दोन्ही कडांना पातळ थर द्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासा झाला की मगच दाबा. ओला असताना दाबला तर जोड सरकतो. नव्वद टक्के मुखवटे नाकापाशी उलतात ते या घाईमुळे असं समजा. खोलीची खिडकी उघडी ठेवा, त्याचा वास डोक्यात जातो. आकार देण्यासाठी हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) फिरवत राहा, एका जागी धरली की फोम चमकतो आणि आकसतो.

थेट रंग लावलात तर नट भुवई उंचावेल तिथे भेगा पडतील. आधी पाण्यात पातळ केलेल्या पांढऱ्या फेव्हिकॉलचे तीन हात द्या, प्रत्येक हात वाळू द्या, मग अॅक्रिलिक रंग. निव्वळ काळा रंग टाळा. मंचावरच्या दिव्यांत काळ्या मुखवट्याचा नुसता खड्डा दिसतो. गडद करडा किंवा तपकिरीकडे झुकणारा लाल घ्या आणि भुवईच्या कडेवर, नाकाच्या कण्यावर एक छटा उजळ ठेवा.

डोळ्यांची भोकं लहान करायचा मोह होतो, पण बाहेरच्या कडेला कापून ती किमान ४५ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर उंच करा. बाजूचं दिसलं नाही की नट विंगेत पाय अडकून पडतो. आतून कपाळाला आणि नाकाला मलमलीची दुहेरी पट्टी टाके घालून लावा, चिकटवू नका, म्हणजे प्रयोगानंतर काढून धुता येईल. घाम डोळ्यांत उतरतो तो कपाळावरून, म्हणून तिथली पट्टी दोन बोटं रुंद हवी. मलमल मंगलदास मार्केटमध्ये, इलॅस्टिक भुलेश्वरला मिळेल. इलॅस्टिक २० मिलिमीटरचं, एक कानांच्या वरून आणि दुसरं डोक्याच्या मध्यावरून. एकच पट्टा लावला तर उडी मारताना मुखवटा खाली सरकतो. बांधणीला व्हेलक्रो नको, शांत प्रसंगात त्याचा खर्रकन आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. प्रेस बटण लावा.

आता नाटकापुरतं. तुमच्या संहितेत तो दारात मुखवटा काढून बायकोसमोर येतो. तो काढल्यावर कपाळावर आणि नाकावर लाल वळ राहतात, दहा-पंधरा मिनिटं जात नाहीत. ते रंगभूषेने झाकू नका. बायकोने ते पाहावेत, पाण्याचा तांब्या पुढे करावा आणि काही बोलू नये.

प्रश्न (भांडुपहून, चित्रकार): नायकाला मार बसल्यावर पुढच्या भागात त्याच्या चेहऱ्यावर काय काय दाखवावं?

उत्तर: मार कुठे आणि कसा बसला ते ठरवा आणि त्यावर तारीख घाला. ठोशाचा मुका मार पहिल्या दिवशी लालसर, मग जांभळा-निळा होतो. पाचव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास हिरवट, त्यानंतर पिवळट, आणि दोन आठवड्यांच्या आसपास जातो. डोळ्याखालचा मार गुरुत्वाकर्षणाने खाली गालावर उतरतो. चेहऱ्यावरचे टाके साधारण पाच दिवसांत काढतात, हातापायांवरचे दहा ते चौदा दिवसांत. फासळीला तडा गेला असेल तर सहा आठवडे. पहिल्या आठवड्यांत हसणं, शिंकणं आणि लोकलमध्ये वरच्या कडीला हात घालणं, तिन्ही दुखतात. डाव्या हाताने कडी धरणारा नायक एका चौकटीत उजव्या हातावर आला की घरचं माणूस ओळखतं.

चाकूचा वार असेल तर रुग्णालयात त्याची वैद्यकीय-कायदेशीर नोंद होते आणि पोलिसांना कळवलं जातं. म्हणून तो मोठ्या रुग्णालयात जाणार नाही, गल्लीतल्या डॉक्टरकडे जाईल. तो डॉक्टर धनुर्वाताचं इंजेक्शन देताना काय विचारतो, हा तुम्हाला मिळालेला आयता प्रसंग आहे.

प्रश्न (बोरिवलीहून, लेखिका): नायकाच्या बायकोला खरं माहीत असावं की नसावं? नसेल तर ती मूर्ख ठरते, असेल तर ताण जातो.

उत्तर: ताण जात नाही, जागा बदलतो. न सांगितलेल्या घरात नायकाला खोटं पकडलं जाण्याची भीती असते. सांगितलेल्या घरात तो परत येईल का याची भीती तिला असते, आणि ती तिला कोणाला बोलून दाखवता येत नाही, माहेरीही नाही. दुसरी कथा लिहायला कठीण आणि आमच्या मते जास्त मोलाची. वेताळाचं, म्हणजे इंग्रजी चित्रकथांतल्या फँटमचं, उदाहरण बघा. मूळ चित्रपट्टी १९३६ मध्ये सुरू झाली, आणि प्रेयसी डायनाशी त्याचं लग्न लागलं १९७७ मध्ये. एवढी वर्षं लग्न पुढे ढकललं गेलं ते बहुधा लग्नानंतर काय लिहायचं हा धाक लेखकांना असतो म्हणून. मुंबईत इंद्रजाल कॉमिक्समधून तो वाचत मोठ्या झालेल्या पिढीला लग्नानंतरचा वेताळ काही परका वाटला नाही.

मधली वाट अशी. तिला कळलं आहे, हे त्याला कळलेलं नाही. हे संवादातून सांगू नका, डब्यातून सांगा.

‘जेवलास?’
‘हो, ऑफिसात खाल्लं.’
‘डब्यात चारही पोळ्या आहेत.’
‘मित्राने बिर्याणी आणली होती.’
‘बरं. गरम करते, दोन खा. झोपायला दोनच तास आहेत तुला.’

शेवटच्या वाक्यात तिने वेळ सांगितली आहे. तो किती वाजता परत जाणार हे तिला ठाऊक आहे. तो घास तोंडाजवळ धरून थांबतो आणि चौकट संपते. पुढच्या पानावर विषयच काढू नका, निदान एक भाग जाऊ द्या.

दुसरी काळजी घ्या. तिला तिचं स्वतःचं काम द्या, त्याच्याशी काडीचा संबंध नसलेलं, आणि त्या कामात तिला एखाद्या रात्री त्याची गरज पडू द्या. तिची बढतीची मुलाखत, मूल तापाने फणफणलेलं, सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं. त्याच रात्री बाहेरही त्याची गरज आहे. कोणती हाक मोठी, हे लेखकाने वाचकाला सांगू नये. तो कुठे गेला एवढं दाखवावं आणि दुसऱ्या ठिकाणी काय झालं तेही तितकंच नीट दाखवावं. बहुतेक हस्तलिखितांत घरातली घटना सोयीस्करपणे टळते, मुलाचा ताप आपोआप उतरतो. तसं करू नका. ताप उतरला नाही तर काय, ते लिहा.

प्रश्न (गिरगावहून): शेवटी मुखवटा उतरवावा का?

उत्तर: पहिल्याच कथेत उतरवायचा असेल तर दुसरी कथा लिहायची नाही, हे आधी ठरवा. झोरो हा मुखवटाधारी तलवारबाज १९१९ मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आला, तेव्हा त्याच्या लेखकाने शेवटी सर्वांसमोर त्याची ओळख उघड केली, कारण पुढे लिहायचा बेत नव्हता. नंतर मागणी आल्यावर पुढच्या कथांत तो उलगडा झालाच नसल्यासारखं पुढे जावं लागलं. तुमची मालिका सहा भागांची आहे. मुखवटा चौथ्या भागात एका माणसासमोर उतरू द्या, सगळ्यांसमोर नको. त्या माणसाची निवड आजच करा आणि त्याला पहिल्या भागात कुठेतरी, जिन्यावर का होईना, एकदा येऊन जाऊ द्या. मग चौथ्या भागाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ लिहा. पाणी आलं आहे, बादल्या वाजताहेत, तो माणूस समोरून येतो आहे. तो ‘काय रे, झोप झाली का?’ म्हणतो की नजर वळवून निघून जातो, एवढं लिहून झालं की पाचवा भाग सुरू करा.